सुलतानची सात मिनिटं

१

काळापुढे कुणाचं काही चालत नाही. भीष्माचं चाललं नाही तिथे तुमचं-आमचं काय, असं सगळी शास्त्रं एकमुखानं सांगतात. इसवी सन अठराशे सत्त्याऐंशीच्या नाताळात ठाणे जिल्ह्यात एका कबुतराचं चाललं. कबुतर कल्याणचं, नाव सुलतान. आणि आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडलेलं होतं.

मंगळवारी सकाळी नौपाड्यातल्या आपल्या ओसरीवर भाऊ चौबळांनी कल्याणहून आलेला लखोटा फोडला. आत दोन कागद होते. एक बोटभर रुंदीची चिठ्ठी, जी भाऊंनीच आदल्या दिवशी सुलतानच्या पायाला बांधली होती. तिच्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'ठाण्याहून सोडले, आठ तीस.' दुसरा कागद त्यांच्या साडूचा, प्रभाकरपंत फणसे यांचा. 'कल्याणास ढाबळीत उतरले, आठ सदतीस. साक्षीदार दोन. कळावे, लोभ असावा.'

भाऊंनी बोटं मोजली. मग दुसऱ्या हाताची मोजली. उत्तर तेच आलं.

"सात मिनिटं!" ते ओरडले.

"काय झालं?" आतून गोदानं, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं.

"साडेदहा मैल सात मिनिटांत! म्हणजे तासाला नव्वद मैल! अगं, मेल गाडीसुद्धा जात नाही!"

"रखमाच्या घरी सगळं असंच असतं," गोदा म्हणाली, आणि तिनं चुलीवरचं आधण उतरवलं.

हे वाक्य भाऊंनी गेल्या वीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही त्याला त्यांनी हुंकार दिला असता. रखमाबाई ही गोदाची धाकटी बहीण, कल्याणला दिलेली. रखमाच्या घरी अमुक, रखमाच्या घरी तमुक. गोदा म्हणायची 'घरी', आणि भाऊंना ऐकू यायचे घराचे मालक. त्याला कारण होतं. प्रभाकरपंतांचं स्थळ आधी गोदालाच सांगून आलं होतं. मुलगा बघून गेला, पसंती झाली, आणि पत्रिकेत एकनाड निघाली. मग प्रभाकरपंतांना रखमा दिली आणि गोदा चोवीस गुणांनी भाऊंच्या पदरात पडली. पदरात पडलं आणि पवित्र झालं, असं लोक म्हणतात. पण पडताना ते कुठून पडलं, हे भाऊ कधी विसरले नाहीत.

शर्यत अशी होती. कल्याणचं कबुतर टोपलीतून ठाण्याला आणून सोडायचं, ठाण्याचं कल्याणला नेऊन सोडायचं. दोघं आपापल्या घरी उडत जाणार. ज्याला मिनिटं कमी, त्याची जीत. अंतर दोघांना एकच. भाऊंनी सर्व्हेच्या नकाशावर स्वतः दोरा ताणून ते मोजलं होतं : आगगाडीनं तेराच्या आसपास, पण सरळ रेषेत, खाडी आणि मुंब्र्याच्या डोंगरावरून, साडेदहा मैल. भाऊ शर्यतीचे पंच होते, कारण ते जिल्हा कोर्टाचे नाझर होते, आणि ठाण्यात सगळ्यात नेमकं घड्याळ त्यांच्या खिशात आहे असं त्यांचं मत होतं.

ठाण्याच्या कबुतराला, तांबड्याला, लागली होती एकोणतीस मिनिटं.

येत्या रविवारी, इंग्रजी वर्षाच्या पहिल्या दिवशी, मासुंदा तळ्याकाठी निकाल लागायचा होता. रिवाज असा की पंचानं स्वतःच्या हातानं विजयी माणसाच्या डोक्याला पागोटं बांधायचं. बायका देवळाच्या ओट्यावरून बघणार. त्यांत गोदा असणार. तिच्यासमोर भाऊंनी प्रभाकरपंतांच्या मागे उभं राहून, टाचा उंच करून (प्रभाकरपंत उंच होते), त्यांच्या डोक्याला आठ वेढे द्यायचे.

आणि जर लबाडी सिद्ध झाली, तर पागोटं नाही. उलट प्रभाकरपंतांची अब्रू बाराच्या भावात. ते कल्याणला मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कचेरीत अशी गोष्ट दुपारच्या आत साहेबाच्या टेबलावर पोचते.

भाऊंनी घड्याळ काढून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं. रोज सकाळी जुळवत. दोन्हीत काट्याचाही फरक नव्हता.

"न्याय म्हणजे न्याय," ते स्वतःशी म्हणाले. "साडू असला म्हणून काय झालं?"

आणि इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

२

पहिला साक्षीदार काळुराम. खोपटला त्याचं घर, खाडीकडे मिठागरं, आणि अंगणात बांबूवर ढाबळ. तांबडा त्याचाच.

काळुराम ढाबळीखाली उकिडवा बसून तांबड्याला ज्वारी घालत होता. हरलेल्या पैलवानाला घालावी तशी, एकेक दाणा.

"काळुराम, आपल्याला फसवलंय. सुलतान म्हणे सात मिनिटांत पोचला."

"मना वाटलाच व्हता," काळुराम म्हणाला. "कोनी?"

"ते शोधायलाच आलो. कल्याणच्या सुलतानची काही खूण?"

"शेपटीला पांढरा पीस, उजवे पायाला काला डाग. पन नाझरसाहेब, येक सांगताव. फनश्यांचे ढाबलीत तसाच दुसरा हाय. मी डोल्यानी बगितला. जुलाच जसा."

भाऊंच्या अंगावर काटा आला, गोड काटा. जुळं कबुतर! एक ठाण्यात सोडायचं, आणि दुसरं कल्याणला आधीच ढाबळीत तयार. सात मिनिटं तरी कशाला, पाच म्हटली असती तरी चाललं असतं. ते घरी लखोट्याकडे धावणार, तोच त्यांना चिठ्ठी आठवली. 'आठ तीस' ही अक्षरं त्यांनी सोडताना, तिथल्या तिथे लिहिली होती. ती चिठ्ठी कल्याणला पोचली होती. मग कबुतरही पोचलं होतं.

जुळं त्यांच्या हातातून उडालं.

"वारा असेल रे?" त्यांनी नाइलाजानं विचारलं.

काळुरामनं मान डोलावली. "त्येच बोलताव. आमची होडी बगा. ठान्याहून कल्यानला भरतीवर सोडली तर पाच घटकांत जाते, येताना तीच भरती पुढून आली तर दहा. पानी तेवराच, होडी तीच. येकाची घटका दुसऱ्याचे पदरात. सात न् येकोनतीस, तसाच दिसते मना."

हे वाक्य काळुराम बोलला तेव्हा रहस्य तिथेच, ज्वारीच्या टोपलीशेजारी, उलगडलेलं पडलं होतं. पण भाऊ नाझर होते, आणि मिठागरवाल्याच्या तोंडून आलेलं शहाणपण त्यांच्या खात्यात जमा होत नसे.

दुसरा साक्षीदार तानाजी, खजिन्यावरचा पहारेकरी. शहराचे तास तोच वाजवी. सुलतानला खजिन्यासमोरच्या पटांगणातून सोडलं, तेव्हा तो दहा हातांवर उभा होता.

"तानाजी, सोमवारी सकाळी वारा कसा होता?"

"वारा? न्हाई साहेब. झेंडा काठीला चिकटून होता, वल्ल्या धोतरागत. म्या म्हनलंसुदिक, आज पाखराला सोताच्या पंखावर जायचं."

म्हणजे वाराही गेला.

"आणि तास बरोबर वाजवतोस ना? दिवाळीनंतर तुला एकदा ताकीद दिली होती मी."

तानाजीचा चेहरा पडला. नोव्हेंबरात भाऊंनी त्याची लेखी तक्रार केली होती की खजिन्याचे तास रोज दहा मिनिटं उशिरा पडतात. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर आलेला तो पहिला कागद.

"आता तुमच्याच घड्याळाबरहुकूम वाजवतो की. सकाळी तुमी फाटकातनं आलासा की इचारतो, आन वाळूचं घड्याळ उलटं करतो. त्याच्या आदी म्या सावलीवर वाजवायचो. ह्यो दगुड हाय न्हवं? सावली दगडाला लागली की बारा. बावीस वर्सं."

"आणि आता?"

"आता बारा वाजवतो तवा सावली चार बोटं अलीकडंच असती." तानाजीनं आवाज खाली आणला. "साहेब, बोलू नये, पर दिवाळीपासनं सूर्य उशिरा येतुया."

"सूर्यालाही ताकीद द्यायला पाहिजे," भाऊ म्हणाले. विनोद स्वतःचाच असल्यामुळे त्यांना तो आवडला, आणि त्या भरात ते पुढचं ऐकायचे राहिले.

तानाजी पुटपुटला, "आदी सूर्याला कुनी इचारलं व्हतं?"

३

उत्तर भाऊंना बुधवारी जेवताना सापडलं. घास तोंडाशी होता, तो तसाच परत पानात गेला.

"मद्रास!"

"मीठ कमी आहे का?" गोदानं विचारलं.

"अगं मद्रास! कल्याणला वेळ कुठून घेतात? स्टेशनातून. स्टेशनात वेळ कुठली? मद्रासची! रेल्वेचा सगळा कारभार मद्रासच्या वेळेवर. ती आपल्यापेक्षा पुढे. प्रभाकरपंत स्टेशनच्या घड्याळात बघतात आणि त्यातून आपली वेळ काढायला अर्धा तास वजा करतात."

"मग बरोबरच आहे की. सगळे अर्धा तासच वजा करतात."

"सगळे चुकतात!" भाऊंचे डोळे चमकले. "मी दिवाळीपासून रोज स्टेशनवर जाऊन ताडून बघतोय. मद्रास वीसच मिनिटं पुढे आहे. त्या स्टेशनमास्तराशी माझं दोनदा भांडण झालं. तो म्हणतो तीस, माझं घड्याळ म्हणतं वीस. पूर्वी तीस होतं, हे मी मान्य करतो. हल्ली ते वीस झालंय."

"मद्रास जवळ आलं म्हणता?"

"ते सरकारनं बघावं. मुद्दा असा, की वीसऐवजी तीस वजा केले, की दहा मिनिटं हवेत गेली! प्रभाकरपंतांनी बरोबर दहा मिनिटं खाल्ली!"

गोदानं त्यांच्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग तिनं भाताचं पातेलं उचललं आणि ती आत गेली. एरवी ती 'रखमाच्या घरी' म्हणाली असती. आज म्हणाली नाही, आणि भाऊंनी हा आपला विजय समजला.

गुरुवारी सकाळी ते कल्याणला निघाले. सोबत नकाशा, दोरा आणि कबुलीजबाबासाठी कोरा कागद. गाडी नेहमीप्रमाणे दहा मिनिटं उशिरा आली. दिवाळीपासून या मार्गावरच्या यच्चयावत गाड्या दहा मिनिटं उशिरा येत होत्या, आणि इतका नेमका उशीर भाऊंनी कुठल्याच खात्यात पाहिला नव्हता.

फणश्यांच्या घरी दार रखमाबाईंनी उघडलं.

"अगंबाई, भावजी! या, या. गोदाताई नाही आली? तिचं काय बाई, नाझराची बायको. आम्ही आपले अव्वल कारकून."

"प्रभाकरपंत कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत. बसा तरी. पाणी घ्या."

भाऊ बसले नाहीत. ते सरळ मागच्या अंगणात गेले. ढाबळीत दोन नर होते, एकाच छापाचे. दोघांच्या शेपटीत पांढरं पीस. एक मादीच्या शेजारी ऐटीत बसला होता. दुसरा जाळीपलीकडून त्याच्याकडे असा बघत होता, की भाऊंना आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"तो जाळीतला सुलतान, सरावासाठी पुन्हा कोंडलाय," रखमाबाई मागून म्हणाल्या. "आणि हा ऐटीतला दुय्यम."

"म्हणजे जुळे आहेत खरे! कशासाठी ठेवलेत? खरं सांगा."

"त्यात लपवायचं काय? यांची युक्ती आहे ती. शर्यतीच्या आदल्या दिवशी सुलतानला जाळीत कोंडायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत दुय्यमला त्याच्या मादीशेजारी सोडायचं. घटकाभर बघू द्यायचं. मग टोपलीत घालून झाकण लावायचं आणि ठाण्याला न्यायचं. बिचाऱ्याचं खाणंपिणं सुटतं, पोट बिघडतं. पण सोडला की जो सुटतो! हे म्हणतात, कबुतर प्रेमानं घरी येतं हे सगळं कवींचं. ते येतं ते आपल्या जागेवर दुसरा बसलाय म्हणून."

भाऊंना हे कबुतरांचं बोलणं वाटेना.

"प्रभाकरपंत नक्की गेलेत कुठे, रखमाबाई?"

"अहो, ठाण्याला. तुमच्याचकडे. सकाळच्या गाडीनं. गोदाताईचा काल निरोप आला ना, की लगेच या म्हणून?"

४

गोदाचा निरोप! काल! जेवणावरून उठून आत गेली, ती निरोप धाडायलाच!

भाऊ स्टेशनवर कसे पोचले ते त्यांना पुढेही सांगता आलं नाही. गाडी दहा मिनिटं उशिरा आली. मुंब्र्याच्या बोगद्यात डब्यात काळोख झाला, तसा त्यांना त्या काळोखात स्वतःचा झोपाळा स्पष्ट दिसला. झोपाळ्यावर उंच माणूस बसलेला दिसला. वीस वर्षांपूर्वी एकनाड कुणी काढली होती? भाऊंच्याच मामांनी. मामांना ज्योतिष कितपत येत होतं? मामांना ज्योतिष बिलकूल येत नव्हतं. हे सत्य वीस वर्षं कुणीतरी उकरून काढेल या भीतीत भाऊंनी काढली होती, आणि आता ते ठाण्यात, त्यांच्याच घरी, पाय हलवत बसलं होतं.

ठाणे स्टेशन ते नौपाडा ते चालत आले की पळत, हे बघणाऱ्यांत मतभेद होते.

ओसरीवर झोपाळा हलत होता. झोपाळ्यावर प्रभाकरपंत बसले होते. हातात ताटली, ताटलीत खाजाचे कानवले. दिवाळी उलटून दोन महिने झाले होते, आणि या घरात भाऊंना पौषात कधी कानवला मिळाला नव्हता. समोर दाराशी गोदा उभी होती आणि हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"वा!" भाऊ उंबऱ्याशी थांबून धापा टाकत म्हणाले. "वा, वा! चालू द्या!"

"या भाऊसाहेब," प्रभाकरपंत उठले. "तुमचीच वाट बघत होतो."

"माझ्याच घरात! माझ्याच झोपाळ्यावर!"

"अहो, आधी टेका तरी," गोदा म्हणाली. "तोंड बघा काय झालंय. पाणी आणते."

"पाणी नको! मला सगळं कळलंय. सुलतान काय, दुय्यम काय, सगळं कळलंय!"

प्रभाकरपंतांनी ताटली खाली ठेवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "अजून नाही कळलं. तिकडे बघा."

भिंतीवरच्या घड्याळाच्या खुंटीला प्रभाकरपंतांचं खिशातलं घड्याळ साखळीनं टांगलेलं होतं. दोन तबकड्या शेजारी शेजारी होत्या. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

प्रभाकरपंतांच्या घड्याळात एक वाजून दहा.

५

भाऊ बसले. झोपाळ्यावरच बसले, साडूशेजारी. दुसरी जागा त्यांना दिसली नाही.

"तुमचं मागे असेल," ते अखेर म्हणाले.

"माझं काल संध्याकाळी स्टेशनवरून लावलंय. त्यांना रोज तारेनं वेळ येते. आणि भाऊसाहेब, मद्रास आहे तिथेच आहे."

मग भाऊंच्या डोक्यात, ज्वारीच्या टोपलीशेजारी सोडून आलेलं सगळं एकेक करून उडत घरी आलं. बाराच्या टोल्याला चार बोटं अलीकडे राहणारी तानाजीची सावली. दिवाळीपासून दहा मिनिटं उशिरा येणाऱ्या गाड्या. वीस मिनिटांवर आलेलं मद्रास. आणि काळुरामची होडी : येकाची घटका दुसऱ्याचे पदरात.

त्यांनी कबुलीजबाबासाठी आणलेला कोरा कागद काढला आणि त्यावर हिशेब मांडला.

"सुलतानला मी सोडलं माझ्या साडेआठला. माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे. म्हणजे खरे आठ वीस. तुमच्याकडे उतरला आठ सदतीसला. सात नाही, सतरा मिनिटं."

"बरोबर."

"तांबड्याला तुम्ही सोडलंत तुमच्या, म्हणजे खऱ्या साडेआठला. खोपटला उतरला माझ्या आठ एकोणसाठला. खरे आठ एकोणपन्नास. एकोणतीस नाही, एकोणीस." भाऊंचा आवाज खाली गेला. "जाताना जी दहा मिनिटं कमी झाली, तीच येताना जास्त झाली. वारा नव्हता. भरती माझ्या खिशात होती."

"म्हणजे चोर सापडला," प्रभाकरपंत म्हणाले.

"चोर सापडला नाही. चोरीचा माल सापडला." नाझरकीची बारा वर्षं भाऊंच्या मदतीला धावली. "माझं घड्याळ मी रोज भिंतीवरच्याशी जुळवतो. भिंतीवरचं कुणी पुढे केलं? दिवाळीपासून पुढे आहे. किल्ली कुणाच्या हातात असते? घरात माणसं दोन. मी केलेलं नाही."

दोघांनी गोदाकडे बघितलं.

"मीच केलंय," गोदा म्हणाली. "काल तुम्ही मद्रास मद्रास करायला लागलात तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे आता सरळ माणसाला चोर ठरवणार. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. माझंच घड्याळ बरोबर म्हणाला असता. म्हणून काळुरामच्या गड्याबरोबर निरोप धाडला, की स्टेशनावर लावलेलं घड्याळ घेऊन या."

"पण का? घड्याळ पुढे का केलंस?"

गोदा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दिवाळीला रखमा आली होती. चार बायकांत मला म्हणाली, गोदाताई, आमच्याकडे दहाच्या ठोक्याला पाटावर बसतात हो, एक मिनिट इकडेतिकडे नाही. तुमच्याकडे काय, कधीही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बसतात काय दहाला? आमचे तिच्या आधी दहा मिनिटं बसतील. तुम्हाला सांगून तुम्ही बसला नसतात. घड्याळानं सांगितलं, बसलात."

"म्हणजे... हे सगळं रखमाबाईंसाठी?"

"मग आणखी कुणासाठी?"

"वीस वर्षं तू जे म्हणतेस, रखमाच्या घरी, रखमाच्या घरी, ते..." भाऊंनी डोळ्यांनीच साडूकडे खूण केली.

"यांच्याबद्दल?" गोदानं प्रभाकरपंतांकडे प्रथमच नीट बघितलं, बाजारात नको असलेलं वांगं बघावं तसं. "यांच्याबद्दल मी काय म्हणणार? ती मेली लहानपणापासून माझ्या वेणीवर टपलेली. तिला पाच वारांची पैठणी तर मला सहा वारांची. हे तेव्हापासूनचं आहे. तुम्ही दोघं कुठून आलात मध्ये?"

झोपाळ्याची कडी कुरकुरली. दोन साडू शेजारी शेजारी हलत होते.

"आमच्याकडे 'गोदाताईच्या घरी' असतं," प्रभाकरपंत हळूच म्हणाले. "गोदाताईचे यजमान नाझर झाले. गोदाताईच्या दारात शिपाई सलाम करतो. भाऊसाहेब, खरं सांगू? मी कबुतरं पाळली ती तुम्हाला एकदा तरी हरवावं म्हणून. मला कबुतरांची शिंक येते."

भाऊंनी ताटलीतला कानवला उचलला. कुणी हरकत घेतली नाही. खाताना त्यांना एक विचार शिवून गेला, आणि तो साधा विचार नव्हता. हा कागद फाडला, तर रविवारी सात आणि एकोणतीस हेच आकडे उरतील, आणि सात म्हणजे उघड लबाडी. हिशेब तिघांनाच ठाऊक. साडूची साक्ष आरोपीची, बायकोची साक्ष चालत नाही. शिक्का भाऊंचा. पागोटं बांधावं लागणार नाही, टाचा उंच कराव्या लागणार नाहीत.

"अहो," गोदा म्हणाली, "तानाजीचंही बघा. त्याच्यावर कागद गेलाय."

भाऊंनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. ज्या खिशात घड्याळ नव्हतं त्या.

रविवारी मासुंद्याच्या काठी त्यांनी निकाल वाचून दाखवला. कल्याणचा सुलतान सतरा मिनिटं, ठाण्याचा तांबडा एकोणीस. पंचाचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते का, याचा तपास पंचानं केला असून त्यात कुणाचा वाईट हेतू आढळला नाही. तानाजीवरची तक्रार मागे. यापुढे खजिन्याचे तास दगडावर.

"म्हंजी दिवाळीपासनं समदं ठानं दहा मिन्टं आदी जेवतंय व्हय?" तानाजीनं गर्दीतून विचारलं.

"यो काय निकाल झाला?" काळुराम शेजारच्याला म्हणाला. "मी मंगलवारीच सांगितलेला."

मग भाऊंनी टाचा उंच केल्या आणि आठ वेढे दिले. प्रभाकरपंतांनी गुडघे किंचित वाकवले, ते फक्त भाऊंच्या लक्षात आलं. देवळाच्या ओट्याकडे त्यांनी हळूच बघितलं. गोदा इकडे बघतच नव्हती. ती शेजारी बसलेल्या रखमाबाईंच्या कानाशी लागली होती आणि चेहऱ्यावर परमसंतोष ठेवून सांगत होती, की तुमचे दहाला बसतात ते ठीकच आहे, पण आमच्याकडे दिवाळीपासून पावणेदहा-दहाच्या मध्येच पानं वाढलेली असतात. हवं तर तुमच्याच यजमानांना विचार, त्यांनीच मोजलंय.

रखमाबाई संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला गेल्या. घरी पोचल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळ आणि नवऱ्याच्या कोटातलं घड्याळ, दोन्ही पंधरा मिनिटं पुढे केली.

पुढच्या वर्षी काळुरामचा तांबडा कल्याणहून ठाण्याला चार मिनिटांत आला.